नावाला कुलूप

लतिका सबनीसने कर्जासाठी केलेला अर्ज नामंजूर झाला आहे, असं कळवणारं पत्र फेब्रुवारीच्या मध्यावर तिच्या घरी आलं. आता गंमत अशी, की लतिकाने जन्मात कधी कर्जाचा अर्ज केला नव्हता. घराचं कर्ज होतं तेव्हाचे सगळे व्यवहार नवऱ्याने, अरुणने पाहिले, तिने फक्त दाखवेल तिथे सही केली. ते कर्ज फिटलं, पुढे अरुणही गेला. आणि आता ही कोण कुठली ऑनलाइन कर्जं देणारी कंपनी, जिचं नावही तिने ऐकलं नव्हतं, ती तिला मोठ्या अदबीने कळवत होती की बाई, तुम्हाला पैसे देता येत नाहीत.

तिने पत्र दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मग वाटलं की कुणाशी तरी बोलावं, आणि नेहमीसारखं लक्षात आलं की घरात कुणी नाही. मिशिगनमधल्या ट्रॉयचं ते घर चार बेडरूमचं, आणि राहणारं माणूस एक. मुलगा सौमित्र तिकडे न्यू जर्सीत, एडिसनला. बर्फ ढकलायला कंपनीचा माणूस यायचा, पण तो ट्रकमधून खालीसुद्धा उतरायचा नाही. दोनदा तिने चहासाठी खिडकीतून हात केला, तर त्याला वाटलं बाईंची काहीतरी तक्रार आहे. तेव्हापासून तिने तोही नाद सोडला.

मग राहिली शुभा. शुभा पाच मिनिटांवर राहायची आणि तिला सगळं माहीत असायचं. एखादी गोष्ट तिला माहीत नसेल तर ती होतच नसेल, असा तिथल्या मराठी मंडळातल्या लोकांचा समज होता, आणि शुभाचा स्वतःचाही.

"अगं बाई, चोरी आहे ही," पत्र फोनवर ऐकूनच शुभाने निकाल दिला. "तुझ्या नावावर कुणीतरी कर्ज काढायला निघालं होतं. तुझा सोशल सिक्युरिटी नंबर कुणाच्या तरी हाती लागलाय. ताबडतोब क्रेडिट फ्रीझ कर."

"म्हणजे नक्की काय करायचं?"

"आपली सगळ्यांची देणीघेणी टिपून ठेवणाऱ्या तीन कंपन्या आहेत. कर्ज देणारा आधी त्यांच्याकडे तुझा रिपोर्ट मागतो. आपण तिथे कुलूप घालायचं. रिपोर्टच दिसत नाही म्हटल्यावर तुझ्या नावावर दमडी देणार नाही कुणी. फुकट होतं. तुला स्वतःला कधी लागलं तर पासवर्ड घालून काढायचं. मी उद्या येते, माझ्या डोळ्यांदेखत कर. तोवर त्या कंपनीला फोन करून सांग, अर्ज माझा नाही म्हणून."

लतिकाने फोन लावला. मशीनने तिला बराच वेळ झुलवलं, हे दाबा, ते दाबा, आणि शेवटी एक मुलगी बोलायला लागली. मुलगी गोड होती. "आज कशा आहात मॅम?" असं तिने विचारलं, आणि लतिका खरंच सांगायला लागली की गुडघा जरा धरलाय, पण बरी आहे. मुलीने ऐकून घेतलं. मग नाव, पत्ता, नंबरचे शेवटचे आकडे विचारले.

"जन्मतारीख?"

"एक जून, एकोणीसशे साठ."

"हं, तरीच," मुलगी म्हणाली. "अर्ज त्यामुळेच अडकलाय. नाव बरोबर, पत्ता बरोबर, नंबर तुमचाच. पण तारीख त्यांनी जानेवारीतली घातली आहे. पंधरा जानेवारी. हे लोक तारखा अशाच अंदाजाने टाकतात, मॅम."

लतिकाने हातातलं पत्र उलटं करून टेबलावर ठेवलं.

"मॅम? तुमच्या ओळखीतल्या कुणी हे केलं असण्याची शक्यता आहे का?"

"नाही," लतिका म्हणाली. "कुणी नाही." आणि तिने फोन ठेवून दिला. थँक्यूसुद्धा म्हणाली नाही.

आता ही पंधरा जानेवारी काय भानगड आहे ते सांगायला हवं. लतिकाचा जन्म अमरावतीचा, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचा. म्हणजे करीचा. किंक्रांत. त्या दिवशी कुणी शुभ काम करत नाही, नवं कापड फाडत नाही, आणि हिच्या आईला नेमकी त्याच दिवशी मुलगी झाली. आईने ते मनाला इतकं लावून घेतलं की पोरीची तारीख तिने उभ्या जन्मात चारचौघांत उच्चारली नाही. उद्या लग्न जमवताना कुणी नाक मुरडलं तर? शाळेत नाव घालायला गेली तेव्हाही गुरुजींसमोर तोंडाला पदर लावून उभी राहिली. गुरुजींनी मग सगळ्यांना घालत तीच तारीख हिलाही घातली. निम्मा वर्ग एक जूनला जन्मलेला होता, त्यात आणखी एक. पुढे पासपोर्ट, व्हिसा, नागरिकत्व, सगळं त्या एक जूनच्या जोरावर झालं.

खरी तारीख अरुणला लग्नानंतर कळली आणि तो पोट धरधरून हसला. म्हणाला, किंक्रांत मिशिगनपर्यंत पोचत नाही. तेव्हापासून दर पंधरा जानेवारीला तो केक आणायचा, बाहेर उणे वीस असलं तरी आणायचा. सौमित्र त्या केकवर लहानाचा मोठा झाला. पण लतिकाच्या मनातून आईची भीती काही जाईना, म्हणून हे घरातल्या घरात. मंडळातले लोक एक जूनला हॅपी बर्थडे म्हणायचे, ती हसून थँक्यू म्हणायची. शुभासुद्धा एक जूनलाच ढोकळा घेऊन यायची. आणि घरात एक जूनचं नावही निघत नसे, त्यामुळे आपल्या आईची कागदावरची तारीख वेगळी आहे, हे सौमित्रला कधी कळायचं कारणच पडलं नाही.

खरी तारीख माहीत असलेली माणसं जगात मोजकी. आई केव्हाच गेली. मोठी बहीण रत्ना करोनात गेली. अरुण गेला.

अरुण गेल्यावर लतिकाचा टॅक्स सौमित्रच भरायचा. नंबर त्याच्याकडे होता. टॅक्सच्या कागदांवर जन्मतारीख लागत नाही.

लतिका स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही. तिने स्वतःला समजावायचा प्रयत्न केला. असेल कुणी हॅकर, लागला असेल अंदाज. वर्षाचे इतके दिवस सोडून नेमका करीचाच? छे. तिचं तिलाच हसू आलं आणि लगेच विरलं. कारण यंदाच्या पंधरा जानेवारीला दिवसभर तिने फोन जवळ बाळगला होता, अंघोळीला जाताना बेसिनवर ठेवला होता. सौमित्रचा फोन आला नाही. मेसेज नाही. कामात असेल, असं तिने म्हटलं, दुसऱ्या दिवशीही म्हटलं, आणि मग विषय मनातून काढून टाकला. म्हणजे तारीख पोरगा विसरला नव्हता तर. फोन करायला आठवली नाही ती, अर्ज भरायला बरोबर आठवली.

राग आला तिला. असा आला की हातातला चमचा तिने सिंकमध्ये आपटला. मागितले असतेस तर दिले नसते का रे मेल्या? मग रागाच्या जागी भीती बसली. ती पोलिसांची नव्हती, घर जाण्याचीही नव्हती. भीती एकच होती. आधीच तो महिना महिना फोन करत नाही. हे मला कळलंय असं त्याला कळलं, तर तो तोंड दाखवणार नाही. एकच पोर, आणि तेही कायमचं तुटेल.

दुसऱ्या दिवशी शुभा लॅपटॉप बगलेत मारून आली. स्नो बूट दारात काढले, कोट खुर्चीवर टाकला आणि कामाला लागली. एकेका कंपनीच्या साइटवर जाऊन लतिकाचं नाव, नंबर, तारीख भरत गेली. "एक जून," शुभा स्वतःशी म्हणत टाइप करायची, आणि लतिका दर वेळी दुसरीकडे बघायची. पासवर्डही शुभानेच ठरवला.

"झालं. आता बसू दे मेल्याला हात चोळत," शुभा म्हणाली. "आता पोलिस."

"पोलिस कशाला?"

"कशाला म्हणजे? अगं, उद्या दुसऱ्या कुणाला लुबाडेल तो. रिपोर्ट द्यायचा. सापडतात हे लोक, इंटरनेटवर सगळ्याचा माग राहतो. कुणाचा तरी दिवटा असणार, आईबापांनी वळण लावलं नाही की असंच होतं."

"चहा टाकते," लतिका म्हणाली.

"चहा राहू दे. तू देणार आहेस ना रिपोर्ट?"

"नको गं. काही गेलं तर नाही ना माझं."

शुभा तिच्याकडे बघत राहिली. इतकी मेहनत घेऊन ही बाई ऐन वेळी कच खाते, हे तिला रुचलं नाही, आणि शुभाला रुचलं नाही की ते लपून राहत नसे. "तुझी मर्जी," म्हणाली, आणि चहा न घेताच गेली. लतिकाने दारातून तिची गाडी वळेपर्यंत पाहिलं. तीस वर्षांपासूनची मैत्रीण. अरुण गेला तेव्हा लतिका हिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. आज सांगायला एवढं मोठं काहीतरी होतं आणि नेमकं तेच हिला सांगता येत नव्हतं. सांगितलं तर शुभा सौमित्रकडे पुन्हा कधी त्याच नजरेने बघणार नव्हती. खरं सांगायचं तर लतिकाकडेसुद्धा नाही.

त्यानंतर फारसे दिवस गेले नाहीत. एका शनिवारी सकाळी फोन वाजला आणि स्क्रीनवर सौमित्रचं नाव आलं. लतिकाने गॅस बंद करून हात पुसले. तिने फोन उचलला.

"हाय आई. जेवलीस का?"

"सकाळचे नऊ वाजलेत रे."

"ओह. राइट. गुडघा कसा आहे?"

गुडघा. या हिवाळ्यात पहिल्यांदा कुणीतरी घरातलं माणूस गुडघ्याची चौकशी करत होतं. तिने गुडघ्याचं सांगितलं, फर्नेसवाला येऊन गेला ते सांगितलं, समोरच्या रत्नपारख्यांनी घर विकलं ते सांगितलं. तो हं हं करत होता. मग तो मुद्द्यावर आला. आवाज एकदम हलका करून आला, लहानपणी मार्कांचा कागद दप्तरात दडवून यायचा तसा.

"आई, लिसन, तू क्रेडिट वगैरे फ्रीझ केलंयस का? ॲक्चुअली मी एक नवीन अपार्टमेंट बघतोय. त्यांना को-साइनर हवा होता, म्हणजे जामीन राहणारं कुणीतरी, तर मी तुझं नाव टाकलं. तुला विचारायचं राहिलंच. ते म्हणाले, तुझी फाइल लॉक्ड आहे."

असं. म्हणजे पुन्हा करून पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "शुभाने करून दिलं. सगळेच करतायत म्हणे हल्ली."

"गुड, गुड. इट्स अ गुड थिंग. फक्त थोड्या दिवसांसाठी ते काढशील? दोन मिनिटांचं काम आहे. पासवर्ड टाकायचा, बस."

"पासवर्ड शुभाकडे आहे."

"मग शुभामावशीला विचार ना."

"ती भारतात गेली आहे," लतिका म्हणाली. शुभा त्या घटकेला पाच मिनिटांवर आपल्या ड्राइव्हवेवर बर्फ वितळायला मीठ टाकत असणार. खोटं बोलण्याची लतिकाला सवय नव्हती, पण हे तोंडातून निघालं ते इतकं सहज की तीच चपापली.

"कधी येणार?"

"येईल. तू फोन कर पुढच्या आठवड्यात."

आणि त्याने केला. पुढचा आठवडा कसला, चौथ्या दिवशीच केला. शुभा आली का? नाही रे, तिच्या भावाकडे काहीतरी कार्य आहे. बरं, तू तिला व्हॉट्सॲप कर. केलंय, बघते ती कधी कधी. मग बोलणं तिथेच संपवणं बरं दिसेना म्हणून तो इकडचं तिकडचं बोलायचा. सर्दी झाली होती. वरण केलं तर पातळ झालं. "फोडणीत आधी मोहरी की आधी हिंग?" त्याने एकदा विचारलं, आणि लतिकाने ते उत्तर जितकं लांबवता येईल तितकं लांबवलं. मोहरी तडतडल्याशिवाय पुढे जायचं नाही, तेल धुरावू द्यायचं नाही. तो हसला. अरुणसारखा हसायचा तो, शेवटी श्वास आत ओढून. ते हसू तिने किती तरी महिन्यांत ऐकलं नव्हतं.

मग शुभा आली, पण पासवर्ड हरवला. मग पासवर्ड मिळाला, पण लॅपटॉप बिघडला. "लायब्ररीत जाऊन कर ना," सौमित्र म्हणाला, तर लायब्ररीत जायचे रस्ते बर्फाने घसरडे झाले. रोज सकाळी उठलं की लतिका चहा पिता पिता आजचं कारण तयार करून ठेवायची. तिला कळत नव्हतं का, की हे काय चाललंय ते? चांगलं कळत होतं. पोरगा आईला लुबाडायला फोन करतोय, आणि आई त्याला लुबाडू देत नाही आणि थांबूही देत नाही. निव्वळ भीक मागणं होतं ते. फोन ठेवल्यावर तिला स्वतःची किळस यायची. पण पुन्हा वाजला की ती ओले हात तसेच घेऊन धावायची.

एक गोष्ट मात्र तिने ताडली. तो आता भरदुपारी फोन करायचा, कामाच्या वारी, आणि मागे ऑफिसचा आवाज नसायचा. कधी टीव्ही, कधी शेजारच्या पोराचं रडणं. "ऑफिस काय म्हणतंय?" तिने सहज विचारलं. "बिझी," तो म्हणाला. त्या एका शब्दावर ती बराच वेळ विचार करत बसली. नोकरी गेली असावी. केव्हा गेली असेल, आणि तेव्हापासून हा त्या एडिसनच्या खोलीत एकटा काय करत असेल? एकट्याने दिवस कसे जातात ते तिला कुणी सांगायला नको होतं. दर फोनला ती वाट बघायची, की आज म्हणेल. आई, नोकरी गेली. आई, मी चूक केली. तिने मनात उत्तरंही घोळवून ठेवली होती. रागावणार नव्हती. ये म्हणणार होती, तीन खोल्या रिकाम्या आहेत. पण तो म्हणत नव्हता, आणि आपण आधी बोललो तर हा पळेल, या धाकाने तीही बोलत नव्हती.

मार्च संपत आला. रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून विरघळायला लागला. एका दुपारी त्याचा फोन आला. लतिका लॅपटॉपचं कारण सांगणार होती, पण त्याने विचारलंच नाही.

"आई, ते फ्रीझचं जाऊ दे. लीव्ह इट. मी दुसरं काहीतरी बघतो."

"म्हणजे?"

"म्हणजे नको काढूस. इट्स फाइन. तुला उगाच ताप झाला."

"मला कसला ताप? मी करते ना. आजच करते. शुभाकडे जाऊन तिच्या लॅपटॉपवर करते."

"नको, खरंच नको." आवाज थकलेला होता. "चल, ठेवतो. टेक केअर."

"परत कधी करशील?"

"करीन गं. बघू."

ते "बघू" लतिकाच्या चांगल्या ओळखीचं होतं. गेल्या उन्हाळ्यात तो "बघू" म्हणाला होता आणि दिवाळी उलटून गेली होती. आता ठेवला की संपलं, हे तिला स्पष्ट कळलं. तिच्याकडे त्याला द्यायला आता काहीच उरलं नव्हतं, कारण घ्यायला त्याला काही नको होतं.

"सौमित्र, थांब," ती म्हणाली. "तो अर्ज तू केला होतास. मला माहीत आहे."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"कुठला अर्ज?" तो अखेर म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

"तू तारीख करीची घातलीस बाळा. कागदावर माझी एक जून आहे. ती दुसरी तारीख आता तुझ्याशिवाय कुणाला माहीतच नाही."

तिला वाटलं, त्याने ठेवला. तिने फोन कानापासून दूर धरून बघितलं. स्क्रीनवर अजून त्याचं नाव होतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्याने विचारलं. आवाज पार बसला होता.

"पहिल्यापासून. शुभा कुठेही गेली नव्हती. पासवर्ड माझ्याजवळच आहे."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" तो एकदम चिडला. "मी रोज... यू लेट मी कॉल यू एव्हरी डे, आणि तुला सगळं माहीत होतं. का नाही बोललीस?"

"बोलले असते," लतिका म्हणाली, "तर तू फोन केला असतास का?"

तिने हे त्याला टोचायला विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतके दिवस ती त्याच एका प्रश्नाशी झटत होती. तो नाही नाही म्हणेल, असं काय बोलतेस आई म्हणेल, आणि ते ऐकून आपल्याला क्षणभर बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं.

"नसता केला," तो म्हणाला.

लतिका टेबलाशी बसली. तिला रडू आलं, आणि ते तिने त्याच्यापासून लपवलं नाही. एवढ्या सगळ्या फोनांमध्ये पोराने तिला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट होती. पलीकडे तोही रडत होता. तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला, आणि तो काही बोलेल म्हणून वाट बघत राहिली.